मिठासोबत साखर का?

माझ्या वडिलांना जुलाबांनी गाठले तेव्हा ते ८१ वर्षांचे होते. मधुमेह असल्यामुळे आईने साखर कटाक्षाने टाळली आणि दिवसभर नुसते पाणी पाजले. रात्री मी पोहोचलो, तेव्हा त्यांची जीभ कोरडी पडली होती आणि ते मला काकांच्या नावाने हाक मारीत होते.

दोष आईचा नव्हता. आतड्याचे हे गणित मीच तिला कधी समजावले नव्हते. प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचे दुपदरी आवरण असते. मीठ वा साखर त्यातून आपोआप आत शिरत नाही; त्यासाठी प्रथिनांची दारे असतात. आतड्यातील असे एक दार सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत नेते, आणि त्यांच्यामागून पाणी जाते. जुलाबांतही हे दार बहुधा शाबूत राहते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच जोडीच्या आधारे कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचविले.

वडिलांना सलाइन लावावे लागले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली.

म्हणून सांगतो, जुलाबांत मधुमेहींनाही ओआरएस द्यावे. मात्र रक्तशर्करा तपासत राहावी. पाकिटावरील मापानेच पाणी घ्यावे व घोटघोट पाजावे. हृदयविकार वा मूत्रपिंडविकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. लघवी कमी झाली किंवा बोलणे असंबद्ध वाटले, तर सकाळची वाट पाहू नये.