बावीस सेंटांचा गुळव्या

खरं बोलूनही खोटारडा ठरलो, याचा राग फार दिवस टिकतो. माझा अजून टिकून आहे. ज्यांनी मला खोटारडं ठरवलं त्यांच्यावर तो नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही विश्वास ठेवला नसता.

धंदा आधी सांगून टाकतो. मी कोल्हापूरचा. लग्नं, बारशी आणि साखर कारखान्यांचे वार्षिक अहवाल यांवर घर चालतं, उरलेल्या वेळात स्टॉकसाठी फोटो काढतो. म्हणजे कुणी सांगितलेलं नसताना फोटो काढायचा, परदेशी एजन्सीच्या साइटवर चढवायचा, शोधणाऱ्याला सापडावा म्हणून इंग्रजीत तीस-चाळीस कीवर्ड लावायचे आणि वाट बघायची. कुणी घेतला की एजन्सी आपला वाटा कापून उरलेलं खात्यावर टाकते. गिऱ्हाइकानं एकदा पैसे भरले की पुन्हा विचारायचं कारण नाही. बहुतेक एजन्स्यांच्या साध्या परवान्यावर पाच लाख प्रतींपर्यंत छापता येतं.

ज्यावरून मी खोटारडा ठरलो तो फोटो गुऱ्हाळाचा होता. करवीर तालुक्यातलं गुऱ्हाळघर, डिसेंबरातली पहाट. चुलवाणात चिपाडं धडधडत होती, काहिलीतला रस वर येत होता आणि वाफेनं माझी लेन्स सारखी धुरकट होत होती. गुळव्यानं भेंडीचं पाणी सोडलं, मळी वर आली, ती काढली. रंग पालटायला लागला तसं गुऱ्हाळातलं बोलणं थांबलं. आता सगळं गुळव्याच्या हातात. घाई केली तर गूळ चिकट, उशीर झाला तर काळा. त्या गुळव्यानं, म्हणजे मामांनी, पाकाचा थेंब गार पाण्यात सोडला आणि दोन बोटांत गोळी वळून बघितली. चुलवाणाचा तांबूस उजेड खालून तोंडावर, मागं वाफ, नजर बोटांतल्या गोळीवर. मला पाहिजे होतं ते मिळालं.

चेहरा ओळखू येत असेल तर एजन्सी मॉडेल रिलीज, म्हणजे फोटोतल्या माणसाच्या संमतीचा कागद, मागते. तो इंग्रजी कागद मी मामांना मराठीत समजावून सांगितला, सही घेतली, पाचशे रुपये दिले. पुढच्या हंगामात फोटो फ्रेम करून नेऊन दिला. कॅलेंडरशेजारी खिळा ठोकून त्यांनी तो लगेच लावला.

पुढं दोनेक वर्षांनी मामांच्या पुतण्याला पुण्यातल्या मॉलमध्ये गुळाचं पाकीट दिसलं. पाकिटावर मामा. कंपनी परराज्यातली, गूळही तिकडचाच. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, पण ते गुळाला; गुळव्याच्या चेहऱ्याला नाही. पोरानं पाकीट विकत घेऊन गावाकडं आणलं. मी गेलो तेव्हा मामांनी ते माझ्यापुढं ठेवलं.

"मी डावखुरा कवा झालो रं?"

खरंच, डिझायनरनं फोटो आरशात बघावा तसा उलटा करून टाकला होता. आम्ही हसलो. मग मामांनी विचारलं, "किती दिलं त्येंनी तुला?"

मी सांगितलं, "अठरा रुपये."

"हजार?"

"नाही मामा. अठरा रुपये."

मामांनी पाकीट उलटं करून किंमत दाखवली. नव्वद रुपये. "एका पाकिटाचं नव्वद घेत्यात, आणि तुला अठरा?" मी मोबाइल काढला, एजन्सीच्या खात्यातला हिशेब दाखवला. ०.२२ डॉलर. पुतण्यानं तो वाचला आणि शहाण्यासारखं म्हणाला, "हे एका पाकिटाचं असंल. बाकीचं दुसऱ्या खात्यात येत असंल." मामांनी हात हलवला. "जाऊ दे. सांगायचं नसंल तर नको सांगू."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. रागानं बोलले असते तर भांडता तरी आलं असतं. त्यांनी मला माफ केलं होतं! निघताना नेहमीसारखी गुळाची ढेप दिली. बाजारभावानं तिची किंमत माझ्या कमाईच्या कितीतरी पट.

मी तरी तो आकडा कुठून सांगितला? गिऱ्हाइकाचं नाव एजन्सी सांगत नाही. खात्यात फोटोचं चिटुकलं चित्र, तारीख आणि रक्कम, एवढंच दिसतं. पाकीट बाजारात येण्याआधीच्या सगळ्या विक्री मी तपासल्या. एकजात सबस्क्रिप्शनच्या, प्रत्येक २२ सेंटांची. म्हणजे त्यांतलीच कुठली तरी एक. कंपनी महिन्याचं ठरावीक शुल्क भरते, त्यात ढिगानं फोटो उचलते, आणि त्या ढिगातला माझा फोटो २२ सेंटांचा. एजन्सीला पत्र लिहिलं. उत्तर फार अदबीचं आलं: वापर परवान्यात बसतो, सहकार्याबद्दल आभार. कायद्यानं त्यांचं बरोबर होतं. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा, आणि त्याचा हक्क त्याच्या हयातभर आणि मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. पण एवढा लांबलचक तो हक्क कशा अटींवर वापरू द्यायचा हे मी खातं उघडताना एका टिचकीसरशी मान्य केलं होतं. एजन्सीचं नाव सांगत नाही. तिथं माझं खातं अजून आहे.

हे सगळीकडं असंच चाललंय, हे नंतर कळत गेलं. ट्रान्स्परन्सीच्या, म्हणजे फिल्मवरच्या फोटोंच्या, जमान्यात निम्मं एजन्सीचं, निम्मं फोटोग्राफरचं अशी रीत होती. मग २००० साली कॅनडातल्या कॅलगरीत ब्रूस लिव्हिंगस्टोन यांनी आयस्टॉकफोटो सुरू केलं. आधी आपापसांत फोटोंची देवघेव, मग डॉलर-दोन डॉलरला विक्री. २००६ मध्ये गेटी या बड्या एजन्सीनं ते ५ कोटी डॉलरना घेतलं. २०१३ च्या सुरुवातीला तिथल्या फोटोग्राफरांना कळलं की आपले फोटो गूगल ड्राइव्हच्या वापरणाऱ्यांना फुकट उपलब्ध झालेत आणि मोबदला बऱ्याच जणांना फोटोमागं १२ डॉलर. चिडून लोकांनी २ फेब्रुवारी हा दिवस ठरवून हजारो फोटो काढून घेतले. शटरस्टॉक या दुसऱ्या एजन्सीवर माझं खातं नाही, पण तिथलंही जाहीर आहे: जून २०२० पासून फोटोग्राफरचा वाटा १५ ते ४० टक्के, पायरीपायरीनं वाढणारा, आणि दर १ जानेवारीला सगळे पुन्हा तळाच्या पायरीवर. कमीत कमी मोबदला १० सेंट. तेव्हाही अनेकांनी आपले फोटो विक्रीतून बंद ठेवले होते.

मला भुरळ पडली ती स्टॉक्सीची. तेच लिव्हिंगस्टोन आणि ब्रियाना वेटलॉफर यांनी २०१३ मध्ये कॅनडात व्हिक्टोरियाला ही संस्था काढली, आणि काढली कशी, तर सहकारी तत्त्वावर! फोटोग्राफर सभासद, सभासद मालक. साध्या परवान्यावर ५० टक्के, विस्तारित परवान्यावर ७५ टक्के फोटोग्राफरला. वाचून मी एकटाच मोठ्यानं हसलो. सहकार आम्हाला कॅनडानं शिकवायचा? प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला तो १९५० मध्ये. आमच्याकडं दूध सहकारी, ऊस सहकारी, बँक सहकारी. फोटो का नको? स्टॉक्सी मोजकेच सभासद घेते, तिथं निवड कडक. मी अर्ज केला नाही. आपलंच काढू म्हटलं.

सांगली, सातारा, कोल्हापूरचे मित्र जमवले. सहकारी संस्था नोंदवायला वेगवेगळ्या कुटुंबांतली किमान दहा माणसं लागतात, तेवढी होती. पहिल्या सभेत चहा झाला, नाव ठरलं, आणि चेअरमन कोण यावर गाडी अडली ती अडलीच. नोंदणी राहिली. शेवटी त्यातल्या काहींनी मिळून साधी वेबसाइट केली. फोटो दीड हजाराला, त्यातले ७० टक्के काढणाऱ्याला, ३० टक्के खर्चाला. पंढरीची वारी, हळदीचे ढीग, ऊसतोड, तमाशाचा तंबू. आमच्याइतकं जवळून हे दुसऱ्या कुणाकडं असणार?

वाटा उत्तम होता. गिऱ्हाईक नव्हतं. फोन यायचे ते असे: "फ्लेक्सला एक वारीचा फोटो पाहिजे, द्या की, तुमचं नाव टाकतो." एका मासिकानं ऊसतोडीचा फोटो घेतला, छापला, आणि दीड हजारांसाठी आमच्या मित्रानं इतके फोन केले की तो माणूस आता त्याचा नंबर बघून उचलत नाही. अमेरिकेत फोटोशेल्टरनंही असाच बाजार काढून ७० टक्के वाटा दिला होता; २००८ मध्ये तो बंद पडला. तेव्हा वाटलं होतं, चालवता आलं नसेल. आता कारण समजतं. ज्याला फोटो हवा असतो तो न्याय शोधत नाही. एका जागी सगळं मिळणारं दुकान शोधतो.

आणि ज्या एजन्सीला मी इतकी वर्षं शिव्या घातल्या, ती ठरलेल्या तारखेला, न मागता पैसे जमा करते. थोडेच, पण करते. हे कबूल करताना मला बरं वाटत नाही. इथल्या किती गिऱ्हाइकांबद्दल तसं सांगता येईल?

म्हणून एजन्सी चांगली ठरत नाही. आता तर फोटो एआयला शिकवण्यासाठीही जातात. शटरस्टॉकनं ऑक्टोबर २०२२ मध्ये ओपनएआयबरोबरचा करार जाहीर केला, अडोबीनं मार्च २०२३ मध्ये चित्रं बनवणारं फायरफ्लाय आणलं ते स्वतःच्या स्टॉकवर शिकवून. जानेवारी २०२५ मध्ये गेटी आणि शटरस्टॉक यांनी एकत्र येण्याची घोषणा केली. दुकानं मोजकी, त्यातही मोठ्या दोघांनी तेव्हा एक व्हायचं ठरवलं. परवा मी गुऱ्हाळाची चित्रं शोधत होतो. एआयनं बनवलेला एक गुळव्या सापडला. इस्त्रीचा पांढरा सदरा, काहिलीखाली चुलवाणच नाही, आणि रसात सरळ हात घातलेला. मामांना दाखवला असता, पण अठरा रुपयांनंतर आता त्यांना मोबाइलमधलं काही दाखवायची सोय राहिली नाही.

आमच्या मंडळींत एकानं विचारलं होतं, आपल्या संस्थेत फोटोतल्या माणसाला किती टक्के? कुणीच उत्तर दिलं नाही. स्टॉक्सीचा वाटाही फोटोग्राफरचाच आहे. माझं मत: गिऱ्हाईक मिळेपर्यंत हा प्रश्न पुढं ढकलावा. मामांना हे मत पटणार नाही, हेही मला ठाऊक आहे.

वेबसाइट चालू आहे. वर्षाचं भाडं वर्गणीतून भरतो.

हे वाचणाऱ्यांत संपादक असतील, प्रकाशक असतील, कुणाची गुळाची, पापडाची कंपनी असेल. दिवाळी अंकाला, पुस्तकाला, पाकिटाला फोटो हवा असेल तेव्हा गूगलवरून उचलू नका आणि लगेच परदेशी साइटही उघडू नका. तुमच्या जिल्ह्यातल्या फोटोग्राफरला फोन करा, दर विचारा, घासाघीस करायची तर जरूर करा. ठरलेले पैसे महिन्याच्या आत द्या. फोटोखाली नाव छापलंत तर आनंदच आहे, पण आधी बिल.