उत्तर न मागणारी पत्रं

मिरज,
९ सप्टेंबर २०२५

चि. अनिकेत यास अनेक आशीर्वाद.

तू घरी आलास हे वहिनीने काल फोनवर सांगितलं. या पत्राला उत्तर द्यायचं नाही. वाचावंसं वाटलं तर वाच, नाहीतर उशाखाली ठेव.

‘का केलंस’ असं मी विचारणार नाही. तो प्रश्न तुला भेटायला येणाऱ्या प्रत्येकाने विचारला असेल, काहींनी शहाळं हातात देता देता. पूर्वपरीक्षेचा निकाल, पुण्यातली ती खोली, पैशांची ओढाताण, महिनोन्‌महिने न लागलेली झोप. यातलं नेमकं एक कारण सांग म्हटलं तर माणूस काय सांगणार? एकच कारण नसतंच. माझंही नव्हतं.

हो, माझंही. १९९७ सालची गोष्ट आहे, तुझ्या जन्माच्या आधीची. घरात ती कुणी काढत नाही. शुद्धीवर आले तेव्हा खाटेशेजारी जबाब घ्यायला हवालदार उभा होता. आत्महत्येचा प्रयत्न हा तेव्हा गुन्हा होता, कलम ३०९. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्येच हे कलम घटनाबाह्य ठरवलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तेच म्हटलं, आणि १९९६ मध्ये घटनापीठाने तो निर्णय फिरवून कलम पुन्हा जिवंत केलं. आपल्या घरात यातलं काही कुणाला ठाऊक नव्हतं. पोलीस म्हटल्यावर सगळे घाबरले आणि ‘चुकून झालं’ असं सांगून मोकळे झाले. मला वाचवायलाच ते खोटं बोलले. पण मग मला खरं बोलायला जागाच उरली नाही. चुकून झालेल्याला मनाचा डॉक्टर कशाला? पोट बरं झालं, रक्ताच्या तपासण्या ठीक आल्या, मला घरी पाठवलं.

तुझ्याकडेही पोलीस नोंद करून गेले, त्याची धास्ती घेऊ नकोस. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट लिहिलंय, की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायचं, त्याला शिक्षा करायची नाही, उलट त्याची काळजी आणि उपचार बघणं हे सरकारचं कर्तव्य. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ते जुनं कलम राहिलेलंच नाही. तू आरोपी नाहीस. तुला खरं बोलता येतं, अनिकेत. मला ते मिळालं नव्हतं, म्हणून त्याची किंमत मला फार वाटते.

आता एक गोष्ट, जी तुला कुणी सांगणार नाही. वाचल्याचा आनंद लगेच होत नाही. सगळे म्हणतात, ‘देवाची कृपा, पुनर्जन्म झाला’, आणि आपल्या आत काहीच हलत नाही. मला लाज वाटत होती, राग येत होता, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे थकवा. आनंद होत नाही म्हणजे आपण कायमचेच बिघडलो, असं मी समजत होते. तसं नव्हतं. आशा वाटायला लागेल मग जगायला सुरुवात करू, असं करायचं नसतं. जेवायचं, अंघोळ करायची, गोळी घ्यायची. वाटणं फार मागाहून येतं.

मधला काळ मला दादाने काढून दिला. तुझ्या बाबांनी. तो तेव्हा एसटीच्या वर्कशॉपला होता. संध्याकाळी ड्युटी संपली की हाताचं ग्रीस न निघालेला तसाच माझ्या खोलीत यायचा, पेपर उघडायचा आणि शब्दकोडं सोडवायला बसायचा. ‘आडवं सात, चार अक्षरी, नदीचं नाव.’ मी गप्प. तो आपला विचार करत बसे, काहीतरी चुकीचं लिहून टाकी. कसं वाटतंय, का केलंस, पुन्हा करणार नाहीस ना, यातलं एकही वाक्य त्याने कधी उच्चारलं नाही. कितीतरी संध्याकाळी असंच. मग एके दिवशी त्याने घटप्रभाच्या जागी काहीतरी भलतंच लिहिलं आणि मला राहवलं नाही.

हे मी मुद्दाम लिहितेय. वहिनी म्हणाली, दादा तुझ्याशी बोलत नाही, अंगणात बसून राहतो. तो रागावलेला नाही. बहिणीच्या वेळी जमलेलं लेकाच्या वेळी जमत नाहीये, एवढंच. त्याच्याकडे तुला देण्यासारखं खूप आहे. तुला झेपेल त्या दिवशी पेपर त्याच्या हातात दे.

दादा जे करत होता त्यावर कुणी संशोधन केलं असेल असं मला वाटलं नव्हतं. निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला तेव्हा जेरोम मोट्टो हे नाव सापडलं. सॅन फ्रान्सिस्कोचे मानसोपचारतज्ज्ञ. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात असताना त्यांना फारशी ओळख नसलेल्या एका मुलीची पत्रं येत, ती त्यांच्या लक्षात राहिली होती. नैराश्यामुळे किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे रुग्णालयात राहून गेलेल्या, पण पुढचे उपचार नाकारलेल्या ८४३ जणांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला काहीच पाठवलं नाही. दुसऱ्याला दोन-चार ओळींची पत्रं पाठवली: तुमची आठवण आहे, बरे असाल अशी आशा, लिहावंसं वाटलं तर लिहा. उपदेश नाही, मागणी नाही. आधी दर महिन्याला, मग दोन महिन्यांनी, मग तीन, अशी पाच वर्षं. पत्रं मिळालेल्या गटात आत्महत्या कमी झाल्या, पहिल्या दोन वर्षांत तर ठळकपणे. पुढे इतर ठिकाणी असे प्रयोग झाले तेव्हा निष्कर्ष सगळीकडे सारखे आले नाहीत, हेही खरं. पण जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नई, कोलंबोसह पाच देशांतल्या पाच शहरांत १,८६७ जणांना घेऊन जे पाहिलं ते मला फार मोठं वाटतं. हे सगळे तुझ्यामाझ्यासारखे, प्रयत्नातून वाचून रुग्णालयात आलेले. काहींना नेहमीचे उपचार. काहींना त्यासोबत तासभर नीट बोलणं आणि नंतर दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा घरी भेट. पहिल्या गटात २.२ टक्के लोक आत्महत्येने गेले, दुसऱ्यात ०.२ टक्के. नऊ वेळा कुणीतरी ‘कसे आहात’ विचारलं, त्याचा हा फरक.

आणि वाचलेल्यांतले दहापैकी साधारण नऊ जण पुढे आत्महत्येने जात नाहीत. ‘एकदा केलं की पुन्हा करणारच’ असं तुझ्या कानावर पडेल. पडू दे.

पण पहिले काही महिने जपायचे असतात. विचार परत येतील. आले म्हणजे तू हरलास असं नाही. ते वर चढतात आणि ओसरतात, आणि तेवढा वेळ एकट्याने काढायचा नाही. त्यासाठी एक कागद आत्ता, डोकं शांत असताना लिहून ठेव. माझं बिनसायला लागलंय हे मला कशावरून कळतं? (माझं झोपेवरून कळायचं, आणि मी फोन उचलायचं बंद करायचे त्यावरून.) तेव्हा मी स्वतः काय करू शकतो, कुठे जाऊन बसू शकतो, कुणाला खरं सांगू शकतो, त्यांचे नंबर. माझा घाल, रात्री तीनलाही चालेल. डॉक्टरांचा घाल. टेली-मानसचा १४४१६ घाल. तो सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास मराठीत बोलता येतं. नाव सुचेना म्हणून कागद अर्धा राहिला तरी चालेल, अर्धा कागदही खिशात ठेव.

मला बरं वाटू लागल्याचा दिवस आठवत नाही. पण शाळेत पुढच्या वर्षीचं वेळापत्रक लागलं तेव्हा शनिवारचा पहिला तास मला हवा म्हणून मी मुख्याध्यापकांशी भांडले होते, ते आठवतं. घरी येताना बसमध्ये लक्षात आलं, जूनमधल्या शनिवारासाठी मी भांडत होते. त्यानंतरही वाईट दिवस आले. मग माझी किती पोरं सातवी पास होऊन गेली, एक तर मला शाळेतच सहकारी म्हणून परत आली. त्यातलं काहीही १९९७ साली माझ्या कल्पनेत बसलं नसतं.

शुक्रवारी डॉक्टरांकडे जायचं आहे ना? झोप किती लागते, गोळीने तोंड कोरडं पडतं का, विचार येतात का, येतात तर किती वेळ राहतात, जसं आहे तसं सांग. त्यांना बरं वाटावं म्हणून ‘ठीक आहे’ म्हणू नकोस. या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. मध्येच आपल्या मनाने बंद करू नकोस. वहिनी औषधं स्वतःजवळ ठेवते आणि कपाटाला कुलूप लावते, ते मीच तिला सांगितलंय. तिच्यावर चिडू नकोस, चिडायचंच तर माझ्यावर चिड. रविवारी मी येतेच आहे.

तुझी,
आत्या