राखवानुं के काढवानुं?

सहदेवी आणि गाजरगवत दोन पानांवर असताना वेगळं ओळखता येतं, असं मी वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलो. येतं, पण पुरतं नाही. दोघी एकाच कुळातल्या, सूर्यफुलाच्या. दोघींची पानं सुरुवातीला जमिनीलगत चकती करून पसरतात. तुंब्याचं सोपं असतं: पानं जोडीजोडीने, वरची जोडी खालचीला आडवी. एकदांडी, केना, टाकळा हे तर अंधारातही बोटांना कळावेत. घोडं अडतं ते सहदेवीपाशी. गाजरगवत तिसऱ्या-चौथ्या पानाला कातरायला लागतं. तिथे शंका फिटते. पण तोवर थांबलं की सोटमूळ खाली गेलेलं असतं, ओल्या मातीतून ते ओढताना शेजारचा तुंबाही मुळासकट वर येतो. थांबलं नाही तर चिमटीत काय धरलंय याची खात्री नसते. आषाढातल्या या थोड्या दिवसांच्या फटीत माझं सगळं कसब बसतं. बाकीचं वर्षभराचं काम कुणीही करील.

एवढी उठाठेव सहदेवीसाठी कशाला, असं लोक विचारतात. दिसायला ती काहीच नाही. वीतभर काड्या, वर जांभळे गोंडे, तेही करंगळीच्या नखाएवढे. पण वर्षातले बहुतेक महिने ती फुलते, आणि बागेत दुसरं काही नसतं तेव्हा बारक्या जंगली माश्या तिच्यावर येतात. त्यांचं पोळं नसतं, मध नसतो, म्हणून त्यांना कुणी विचारत नाही. गाजरगवताच्या एका झाडाला हजारोंनी बिया धरतात, आणि उगवल्यापासून महिन्याभरात ते फुलायला लागतं. 1950 च्या दशकात पुण्यात ते पहिल्यांदा लोकांच्या नजरेत भरलं. इथे बडोद्यात त्याला कोंग्रेस घास म्हणतात. मेक्सिकोतून आणलेला त्याचा शत्रू, झायगोग्रामा नावाचा पट्ट्यापट्ट्यांचा भुंगेरा, 1984 मध्ये बंगळुरात सोडला होता. पावसाळ्यात तो पानं खातो, मनापासून खातो. मी त्याची वाट पाहतो, पण त्याच्या भरवशावर बाग सोडत नाही.

या गवतानेच अखेर माझे हात काढून घेतले. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी जाड होऊन तडकली, मग पापण्या सुजायला लागल्या. त्वचेच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हातमोजे घालूनही नाही, जवळ बसूनही नाही. आता मी आंब्याखाली खुर्ची टाकून बसतो आणि छोटा उदेपूरकडचा एक राठवा पोरगा वाफ्यात उकिडवा बसतो. प्रत्येक रोपाला बोट लावून तो विचारतो, "काका, आ राखवानुं के काढवानुं?" पंधरा फुटांवरून, चष्म्यातून, मला काय कप्पाळ दिसणार? पण बोटांना येत होतं ते तोंडाला सांगता येत नाही, हे त्याच्यापुढे कबूल करायला जीभ वळत नव्हती. म्हणून मी ठामपणे "राख" म्हणायचो, "काढ" म्हणायचो. वकिली करणाऱ्या माझ्या थोरल्या भावालासुद्धा एवढ्या ठामपणे बोलताना मी ऐकलेलं नाही.

त्यात 2024 च्या ऑगस्टात विश्वामित्रीला पूर आला. घराघरांत पाणी, रस्त्यांवर मगरी. त्याचं वर्णन पुष्कळ झालं आहे. माझ्या हातातल्या नदीकडच्या बागांवर ती गाळाचा थर टाकून गेली. जमिनीत बिळं करून राहणाऱ्या माश्यांचं त्या थराखाली काय झालं असेल ते सांगायला नको. आणि त्या गाळातून पुढच्या पावसात काय उगवेल याचा माझा वर्षांचा हिशेब पार मोडला. तुंब्याच्या जागी गाजरगवत, गाजरगवताच्या जागी टाकळा. कुठल्या वाफ्यात काय येतं हे माहीत होतं, म्हणून दोन पानांवरचं ओळखणं सोपं जायचं. म्हणजे ते ओळखणं निम्मं डोळ्यांचं होतं आणि निम्मं पाठांतराचं. पूर आला नसता तर हे मला कळलं नसतं आणि मी सुखात राहिलो असतो.

आमच्या शहराला बागेचं वेड राजाने लावलं. सयाजीरावांनी 1879 मध्ये नदीकाठी कमाटी बाग केली, लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारासाठी विल्यम गोल्डरिंगला आणलं. पुढे बंगळूरच्या लालबागेत नाव काढलेला क्रुम्बिगेलही आधी इथे राबून गेला. मोठी माणसं होती. पण त्यांच्यामागे बागेचा एकच नमुना आमच्या डोक्यात बसला: हिरवळ कापलेली, कडा आखलेल्या, माती कुठे उघडी दिसता कामा नये. आजचे बंगलेवाले त्यावर पेव्हर ब्लॉक टाकतात. निळ्या पट्ट्यांची माशी मातीत नाहीतर जुन्या मातीच्या भिंतीत घर करते. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या वाड्यांच्या भिंती सिमेंटने गुळगुळीत होत गेल्या आणि अंगणं फरशीखाली गेली, मग तिने जावं कुठे?

आणि तिच्यावाचून अडतं बरंच. गणपतीच्या पत्रीत डोरली लागते. डोरलीच्या फुलात परागकण पिवळ्या नळ्यांत बंद असतात आणि नळीच्या टोकाला फक्त बारीक भोक असतं. मधमाशीला ते झटकून काढता येत नाहीत. निळ्या पट्टीवाली किंवा काळा भुंगा फूल धरून, पंख न हलवता, अंगातले स्नायू थरथरवतो, आणि पराग भुकटी होऊन बाहेर पडतात. वांग्याचं नि टोमॅटोचंही तेच. सकाळी लवकर वाफ्याजवळ थांबलं तर त्या थरथरीचा चढा सूर वेगळा ऐकू येतो. हरतालिकेच्या आदल्या दिवशी जुन्या ओळखीच्या घरांतल्या बायका माझ्याकडे आघाडा, माका, विष्णुक्रांत, डोरली मागायला येतात. बाजारात पत्रीची जुडी मिळते, पण तीत बरेचदा डोरली म्हणून भलतंच काही खुपसलेलं असतं. या बायकांना ते कळतं. शहरात रानफुलांची पारख करणारं हेच एक गिऱ्हाईक उरलंय, आणि त्यांच्या सुना ऑनलाइन मागवतात.

आमच्या धंद्यातल्या नव्या लोकांबद्दल चांगलं बोलावं असं वाटतं, जमत नाही. 'फुलपाखरू उद्यान' म्हणून ते घाणेरी लावतात, गोंड्याचे भरगच्च संकरित वाण लावतात, ज्यांत पाकळ्यांच्या गर्दीत माशीची सोंड पोचत नाही. रानफुलांच्या बियांचं पाकीट म्हणून कॉसमॉस विकतात. मेक्सिकोचं हे पिवळं-नारिंगी फूल पुण्याच्या टेकड्यांवर कसं पसरलंय ते तिथे जाऊन पाहावं. फुलपाखराला नुसता मध पुरत नाही, अंडी घालायला झाड लागतं: कुणाला रुई, कुणाला कढीपत्ता, कुणाला पानफुटी. ते लावलं की आठवड्याभरात फोन येतो, "काका, इयळ पडी छे, दवा छांटो." अळ्या झाल्या, औषध मारा. अहो बेन, ती अळीच तर फुलपाखरू आहे! कोनोकार्पसचंही हेच झालं. जिथेतिथे हिरव्यागार भिंती उभ्या केल्या. शेवटी 2023 मध्ये गुजरात सरकारला त्याच्या लागवडीवर बंदी घालावी लागली. मी ते एकाही बागेत लावलं नव्हतं आणि हे मी समोरच्याला पहिल्या पाच मिनिटांत सांगतो.

उगवून आलेलं टिकवणं हा पुढचा तंटा. तुंबा, कुर्डू, खुळखुळा ऐन भरात येतात भाद्रपद-आश्विनात, आणि नेमकं तेव्हाच हे शहर गरब्याला लागतं. मोकळ्या प्लॉटवर ट्रॅक्टर फिरतो, मैदानं तासली जातात. त्यातून वाचलं तर दिवाळीची साफसफाई. बी पिकायला अजून पंधरा-वीस दिवस हवे असतात. ते पंधरा दिवस मी दर वर्षी भीक मागून मिळवतो. एका घरी कुंपणाकडेचा हातभर पट्टा, एका घरी टाकीमागची जागा. खुळखुळा आणि भुरुंडी सुकत आली की त्यांच्यावर वाघ्या रंगाच्या फुलपाखरांचे नर येऊन चिकटतात. त्या रसातल्या कडू द्रव्यापासून माद्यांना भुलवण्याचा गंध तयार होतो. मालकांना मी हे रंगवून सांगतो. सुकलेलं झाड घाण दिसतं, ही तक्रार त्यानंतर महिनाभर तरी येत नाही.

तर तो पोरगा. गेल्या पावसात केव्हापासून तरी त्याने विचारणं बंद केलं. रोप चिमटीत धरायचा, पान चुरडायचा, बोट नाकाशी न्यायचा आणि पुढे सरकायचा. एवढ्याशा कोंभाला वास? मी एकदा हुंगून पाहिला, मला काही आला नाही. अंदाजाने उपटतो आहे, असं मी मनात धरून बसलो. दुपारी तो जेवायला गेला की काठीने त्याचा ढीग पसरायचो, भिंग लावून एकेक चकती बघायचो. सहदेवी सापडावी म्हणून शोधायचो, हेही सांगून टाकतो. पाऊस उघडेपर्यंत ढीग तपासले. सापडली नाही.

अकोट्याच्या बंगल्यातली खुरपणी त्याने एकट्याने केली. तापामुळे मी घरीच होतो. आश्विनात कुंपणाचा पट्टा जांभळा-पांढरा झालेला पाहून मालकीणबाई म्हणाल्या, "काका, तमारो हाथ तरत ओळखाय." मी मान डोलावली. पोरगा नळापाशी हातपाय धूत होता, त्याने ऐकलं असणार. त्या महिन्यापासून त्याची मजुरी वाढवली. का म्हणून त्याने विचारलं तेव्हा महागाईचं कारण सांगितलं.