तांब्या, गिलास आणि रांजण

मराठवाड्यातल्या हिमायतनगरच्या बाजूला जुन्या घरातली पाण्याची भांडी नावानिशी ओळखली, तर या मुलखात कोणकोणत्या भाषा नांदून गेल्या ते आपोआप कळते. फुलपात्र आणि पंचपात्र संस्कृताचे. चंबू तेलुगू आणि कन्नड घरांतही त्याच कामाला असतो. लातूरकडे पाणी भरायला बिंदगी काढतात, ती कन्नड. पैनगंगेपलीकडे विदर्भात तांब्याला गडवा म्हणतात. पेला फारसी, सुरई अरबी-फारसीतून आलेली. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता. जुन्या वाढोण्याचे हिमायतनगर हे नावही त्याच राजवटीची खूण. इंग्रजांचे थेट राज्य इथे नव्हते, तरी त्यांच्या भाषेतली काच गिलास होऊन घराघरांत शिरली आणि लगेच पितळेची झाली. तांब्यातले तांबे गेले, गिलासातली काच गेली; स्टीलच्या भांड्यांना ही दोन्ही नावे बिनतक्रार चिकटून राहिली.

या सगळ्यांत थोरला रांजण. तो चाकावर एका दमात उतरत नाही. कुंभार आधी आकार काढतो आणि मग थापटण्याने ठोकून ठोकून त्याचे पोट वाढवतो. घरात तो बुडाशी जमिनीत पुरलेला असे. मातीच्या छिद्रांतून पाणी पाझरते, बाहेर वाळते आणि वाळताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. म्हणून नवा रांजण जास्त गार आणि छिद्रे बुजलेला जुना कमी. मराठवाड्याच्या वैशाखात या साध्या युक्तीवर अख्खी घरे तगली. वाटेवरच्या पाणपोईत झाडाखाली हाच रांजण, अंगावर ओला कपडा, तोंडावर झाकणी आणि पाणी काढायला लांब दांड्याचे ओगराळे. पैठणला तर रांजण पूजेचा धनी आहे. देव श्रीखंड्या नावाने संत एकनाथांच्या घरी राहिला आणि बारा वर्षे कावडीने गोदावरीचे पाणी वाहिले, अशी श्रद्धा. तो ज्यात पाणी ओतत असे तो रांजण नाथवाड्यात दाखवतात. तुकाराम बीजेपासून भाविक त्यात पाणी घालू लागतात. नाथषष्ठीच्या सुमारास रांजण भरून वाहिला की देव येऊन आपली घागर ओतून गेला असे मानतात. त्याच एकनाथांनी काशीहून रामेश्वरासाठी आणलेली कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली, ही कथा मराठवाड्यात पोरासोरांनाही ठाऊक असते. मातीच्या भांड्यातल्या पाण्याला जो वास असतो तो फ्रीजच्या बाटलीला नाही, आणि त्या वासावाचून तहान पुरती भागत नाही. आता दारात वीस लिटरचा जार येतो. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. भांडी मोठी होत गेली आणि पाणी लांब गेले.

पाणी पिणे हा राजाचा भोगही होता. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या मानसोल्लास या ग्रंथात पानीयभोग हे स्वतंत्र प्रकरण आहे; कोणत्या ऋतूत कुठले पाणी घ्यावे, ते कशाने सुवासिक करावे, याचा त्यात विचार आहे. साध्या माणसाकडे मात्र भांडे नसले की ओंजळ. ओठ न लावता वरून पिण्याची रीत घरोघर होती, उष्ट्याचा विचार म्हणून. पण याच रीतीने माणसे दूर ठेवली: दलितांना आडाला हात लावू द्यायचा नाही, कुणीतरी वरून धार सोडायची आणि त्यांनी ओंजळ धरायची, धार तुटली तर तहानेने परतायचे. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यात उतरून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाणी प्राशन केले, तेही ओंजळीने. ती ओंजळ कुणाच्या धारेची मिंधी नव्हती. मराठीत पिण्याच्या शब्दांना पुरते वजन आले असेल तर या दिवशी.

पाण्याखेरीज या भागात प्यायली जाते ती शिंदी. खजुराच्या जातीच्या शिंदीच्या झाडाला खाच पाडून संध्याकाळी मडके बांधतात. रात्रभर गळालेला रस पहाटे गोड असतो, तेव्हा ती नीरा. ऊन चढले की आंबते आणि शिंदी होते. मडक्याला आतून चुना फासला तर आंबणे लांबते. किनवट-माहूरच्या रानात शिंदीच्या जोडीला मोह. हैदराबाद संस्थानच्या तिजोरीत आबकारीचा वाटा मोठा होता, आणि हा पैसा गरिबाच्याच खिशातून निघे. म्हणून निजामाविरुद्धच्या 1947-48 च्या मुक्तिलढ्यात करोडगिरीची, म्हणजे जकातीची, नाकी मोडण्याबरोबर शिंदीची झाडे तोडणे हाही सत्याग्रहाचा भाग ठरला, आणि मराठवाड्याच्या शिवारांत लोक कुऱ्हाडी घेऊन बाहेर पडले.