एकाच पानावरचे चार विषय



दहावी-बारावीचे निकाल लागले की घरोघरी फोन खणखणू लागतात. पहिला प्रश्न, "किती पडले?" दुसरा प्रश्न, "आता पुढे काय?" आणि उत्तर द्यायच्या आतच कुणीतरी काका-मामा म्हणतात, "एकदा का गाडी चुकली की चुकली हो!"

गेली बावीस वर्षं मी अमेरिकेत, कॅलिफोर्निया राज्यात राहते. पण हे वाक्य मला इथेही ऐकू येतं. माझ्या भाच्याला बारावीला कमी मार्क पडले, तेव्हा तो पंधरा दिवस कुणाशी धड बोलला नाही. जेवायचा, आणि खोलीचं दार लावून घ्यायचा. त्याला मी एक लांबलचक पत्र लिहिलं. त्यातलंच थोडं आज तुम्हाला सांगते. तुमच्या आईबाबांनीही वाचलं तर बरंच होईल.

इथे गावोगावी 'कम्युनिटी कॉलेज' असतं. म्हणजे आपल्या वस्तीचं, सगळ्यांसाठी असलेलं कॉलेज. अशा जुन्या कॉलेजांपैकी पहिलं इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावात १९०१ साली सुरू झालं. विद्यार्थी किती? अवघे सहा! आज देशभरात अशी हजाराच्या आसपास कॉलेजं आहेत, आणि एकट्या कॅलिफोर्नियात ११६. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही तिथे नाव घालता येतं. शाळेत किती टक्के पडले होते, हे विचारून कुणी परत पाठवत नाही. दोन वर्षांची पदवी घ्या आणि मोठ्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जा, नाहीतर हवा तो एकच विषय शिका आणि घरी या. आयलीन कॉलिन्स हे नाव ऐकलंय? स्पेस शटलची पहिली स्त्री पायलट (१९९५) आणि पहिली स्त्री कमांडर (१९९९). तिचं शिक्षणही न्यूयॉर्क राज्यातल्या अशाच एका कम्युनिटी कॉलेजातून पुढे गेलं.

मी तिथे का गेले? माझे वडील अचानक गेले, तेव्हा आई अठ्ठावन्न वर्षांची होती. घरातले पैशाचे सगळे व्यवहार बाबाच बघायचे. विम्याचे कागद कुठे, ठेवी कुठल्या बँकेत, वारस म्हणून कुणाचं नाव लावलंय, आईला काहीच ठाऊक नव्हतं. एक पत्र्याची पेटी आणि तिच्याभोवती बसलेल्या आम्ही दोघी, असे कितीतरी दिवस गेले. अमेरिकेत परतल्यावर ठरवलं, पैशाचं गणित नीट शिकायचं.

कॉलेजच्या अभ्यासक्रमांचं एक जाडजूड पुस्तक असतं. विषय इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावलेले. 'एफ' अक्षराखाली मी 'फायनान्स' शोधत होते. त्याच पानावर वर होता 'फॅमिली स्टडीज', म्हणजे कुटुंबाचा अभ्यास. खाली 'फायर सायन्स', म्हणजे आगीचं शास्त्र. आणि त्याच्याखाली 'फ्रेंच'. गेले होते एकासाठी, पण नोकरी सांभाळत, संध्याकाळच्या वर्गांना बसत, सहा वर्षांत त्या पानावरचे चारही विषय थोडे थोडे शिकले.

आधी पैशाचं सांगते. चक्रवाढ व्याज तुम्ही शाळेत शिकता आणि परीक्षेनंतर विसरता, हो ना? आमच्या सरांनी एक सोपी युक्ती सांगितली. ७२ ला व्याजाच्या दराने भागा. जे उत्तर येईल, साधारण तेवढ्या वर्षांत रक्कम दुप्पट होते. ८ टक्क्यांनी ठेवलेले पैसे ९ वर्षांत दुप्पट. पण २४ टक्क्यांनी घेतलेलं कर्ज फेडलंच नाही, तर तेही तीन वर्षांत दुप्पट! माझ्या शेजारच्या बाकावर एक ट्रक चालवणारे आजोबा बसायचे. ते हिशेब करून हळूच म्हणाले, "हे मला विशीत कुणी सांगितलं असतं तर!"

'फॅमिली स्टडीज'चं नाव ऐकून मला वाटलं होतं, यात काय शिकायचं? कुटुंब तर आपल्या प्रत्येकाला असतंच. पण पहिलाच गृहपाठ अवघड निघाला. दोन वर्षांच्या मुलाजवळ एक तास बसायचं, मदत करायची नाही, आणि दिसेल तेवढंच लिहायचं. मी लिहिलं, "मूल हट्टी आहे." बाईंनी त्यावर लाल रेघ मारली. म्हणाल्या, "हट्टीपणा तुम्हाला दिसला कुठे? काय दिसलं ते लिहा." मग मी लिहिलं, "मुलाने डब्याचं झाकण उघडायचा सात वेळा प्रयत्न केला. सातव्या वेळी उघडलं." बघा हं, मूल तेच, तास तोच. पण पहिल्या वाक्यात त्याच्यावर शिक्का होता आणि दुसऱ्यात त्याची चिकाटी.

भाच्याला मी हेच लिहिलं. 'तू ढ आहेस' हे निरीक्षण नाही, तो शिक्का आहे. 'मला भौतिकशास्त्रात ४१ पडले, आणि विजेचा धडा समजला नव्हता' हे निरीक्षण. शिक्क्याचं काही करता येत नाही. विजेचा धडा मात्र पुन्हा शिकता येतो.

याच वर्गात फायर सायन्स शिकणारा एक मुलगा होता. शाळेत दोनदा बीजगणितात नापास झालेला. मी त्याला विचारलं, "अरे, तू इथे कसा?" तो म्हणाला, "आमची गाडी बोलावतात ती बहुतेक वेळा आगीसाठी नाही, आजारी किंवा जखमी माणसासाठी. दार उघडलं की समोर घाबरलेलं कुटुंब असतं. त्यांच्याशी बोलायचं कसं, ते मला शिकायचंय."

त्याच्यामुळे मी आगीच्या शास्त्राचा ओळखीचा कोर्स घेतला. आग लागायला इंधन, उष्णता आणि प्राणवायू लागतात, आणि ती टिकायला त्यांच्यातली रासायनिक साखळी सुरू राहावी लागते. यातलं एक काढून घेतलं की आग विझते. म्हणून कढईतलं तेल पेटलं तर गॅस बंद करायचा आणि वर घट्ट झाकण ठेवायचं. पाणी अजिबात ओतायचं नाही! पाणी तेलाखाली जातं, त्याची क्षणात वाफ होते, ती सुमारे सतराशे पट जागा घेते आणि पेटतं तेल चहूकडे उडतं. हे काम मोठ्यांचं आहे बरं का. तुम्ही दूर व्हायचं आणि त्यांना हाक मारायची.

आणि बीजगणित? पाण्याच्या पाइपमधून दुप्पट पाणी न्यायचं असेल, तर घर्षणाने वाया जाणारा दाब दुप्पट नाही, चौपट होतो. शिवाय वर दहा मीटर उंचीवर पाणी चढवायला साधारण एका वातावरणाइतका जास्त दाब लागतो. शाळेत 'क्ष'ला घाबरणारा तो मुलगा ही गणितं तोंडी करायला लागला, कारण आता त्या 'क्ष'च्या पलीकडे कुणाचं तरी घर होतं. ९ सप्टेंबर २०२० ला जंगलातल्या वणव्यांच्या धुराने आमच्याकडचं आकाश दिवसाढवळ्या नारिंगी झालं. दुपारी दिवे लावावे लागले. तोवर तो अग्निशमन दलात रुजू झाला होता. त्या दिवशी तो कुठल्या डोंगरात असेल, हाच विचार माझ्या मनात घोळत होता. दहा दिवसांनी त्याचा निरोप आला, "थकलोय, पण ठीक आहे." तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

राहिली फ्रेंच. तिथे तर मजाच! फ्रेंचमध्ये सूर्य 'तो', पण चंद्र 'ती'. म्हणजे आपल्या चांदोमामाची मावशीच झाली की! आणि ऐंशीला ते म्हणतात 'चार-वीस'. सगळा वर्ग डोकं खाजवत होता, मी मात्र हसत होते. माझी आजी बाजारात 'चार विसा' असंच मोजायची. ती कधी शाळेत गेली नव्हती, पण ऐंशी मोजायची तिची रीत पॅरिसमध्ये चालली असती! त्या वर्गात एकाहत्तर वर्षांच्या एक बाई होत्या. त्यांची नात कॅनडातल्या मॉन्ट्रियलला वाढत होती आणि घरात फ्रेंच बोलायची. नातीशी फोनवर बोलता यावं, एवढ्यासाठी त्या पाठांतर करायच्या.

तुम्ही म्हणाल, मग तिथे सगळं सोपंच असतं का? छे! आत जायला अट नाही, पण पास व्हायला अभ्यासच लागतो. दिवसभर काम करून आलेली कितीतरी जणं मध्येच सोडतात. मात्र सोडलेल्यांसाठीही दार उघडं असतं. पुढच्या सत्रात ती पुन्हा येऊन बसतात, आणि वर्गात कुणी हसत नाही.

आपल्याकडेही अशी दारं आहेत. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरी करणाऱ्यांना, घर सांभाळणाऱ्यांना शिकवत आलं आहे. मुंबईत रात्रशाळा आहेत. आगीचं शास्त्र शिकवणारं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ पासून नागपुरात आहे. १४ एप्रिल १९४४ ला मुंबई गोदीतल्या स्फोटात ६६ अग्निशामक जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी त्या दिवशी अग्निशमन सेवा दिन पाळतात. त्या जवानांनी काय केलं, ते जरूर मिळवून वाचा.

माझा भाचा आता मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. करतोय आणि सकाळी एका दुकानात हिशेब लिहितो. विजेचा धडाही त्याने परत काढलाय, कुणी सांगितलं नसताना.

या रविवारी एक करा. आजी-आजोबांना विचारा, "तुम्हाला काय शिकायचं राहून गेलं?" ते काय सांगतात ते लिहून घ्या. तुमचं मत घालू नका हं, ते म्हणतील तेवढंच लिहा. आणि मग त्यांच्याबरोबर बसून ते शिकायला सुरुवात करा.

तुमची,
कॅलिफोर्नियातली मावशी