मूर्खलक्षणांतला शेजार

दासबोधाच्या दुसऱ्या दशकातला पहिला समास मूर्खलक्षणांचा. आपल्याच तोंडाने आपली स्तुती करणारा त्यात मूर्ख ठरतो, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार असायचं कारण नाही. मला खटकतो तो त्याचा शेजार. त्याच ओवीत, त्याला लागूनच, स्वदेशात राहून हलाखी भोगणारा येतो आणि त्याच्यामागून वाडवडिलांची कीर्ती सांगत फिरणारा.

हा समास आजोबा आमच्याकडून पाठ करून घेत. आम्ही भावंडं मग त्यातली लक्षणं आपसांत वाटून टाकायचो. वाडवडिलांच्या कीर्तीचं लक्षण एका काकांसाठी कायमचं राखून ठेवलेलं होतं, अर्थात ते समोर नसताना. हलाखीतला मूर्ख मात्र कुणाच्या गळ्यात घालावा ते कळेना. आधीचा आणि नंतरचा, दोघेही बोलून मूर्ख ठरले. या मधल्याने काय केलं होतं? आजोबांना विचारलं तर म्हणाले, "उठून दुसरीकडे जायचं होतं त्याने." असं सांगणारे आजोबा स्वतः गाव सोडून कधी कुठे गेले नव्हते, आणि गावात त्यांचं फार बरं चाललं होतं असंही नाही.

लिंक्डइन उघडलं की हा मधला माणूस मला हटकून आठवतो. स्तुतीवाले तिथे रग्गड असतात. कुणी 'थ्रिल्ड टू अनाउन्स' असतो, कुणी पुरस्कार मिळाल्याने 'हंबल्ड' झालेला असतो आणि तो किती नम्र झाला हे सगळ्यांना कळावं अशी त्याने व्यवस्था केलेली असते. त्यांची मला गंमतच वाटते. पण मध्येच एखाद्या फोटोभोवती हिरवी कड दिसते, 'ओपन टू वर्क'. ही कड २०२० साली आली, टाळेबंदीच्या वर्षी. कड न लावता नोकरीचा शोध फक्त रिक्रूटर लोकांना कळेल अशीही सोय आहे. मात्र आपल्याच कंपनीपासून तो पूर्ण लपेल याची हमी नाही, हे साइट स्वतःच सांगते. म्हणजे अडचण जाहीर करायची, पण बेताने. आणि एकदा जाहीर केली की नुसतं तेवढ्यावर भागत नाही. काल नोकरी गेलेल्या माणसाला आज 'पॅशनेट' व्हावं लागतं, 'रिझल्ट-ओरिएंटेड' व्हावं लागतं, व्यवस्थापनावर दिवसाआड काहीतरी सुचावं लागतं. ओवीतल्या दुसऱ्या मूर्खाला पहिला मूर्ख व्हावं लागतं, ते असं.

मग समर्थांना हे ठाऊक होतं का? की क्रम उलटा आहे आणि स्तुती करणाऱ्यावर विपत्ती येतेच, असं सुचवायचं होतं? मी यावर बराच विचार केला आहे, ओवीच्या लायकीपेक्षा जरा जास्तच. कदाचित त्यात काहीच नसेल. स्तुती, विपत्ती, कीर्ती अशी यमकं जुळली आणि तिघे एकत्र आले, एवढंच असेल. यमकाने जमवलेल्या शेजाऱ्यांत कार्यकारणभाव शोधणारा हेही एक लक्षण समासात खपून गेलं असतं.

स्वतःचा ब्रँड करा, हे सांगणारा गाजलेला लेख टॉम पीटर्सने १९९७ साली 'फास्ट कंपनी' मासिकात लिहिला. तुम्ही कुणाचे नोकर नाही, तुमची स्वतःची एक कंपनी आहे आणि तिचे प्रमुख तुम्हीच, असा त्याचा सूर. अमेरिकेत तोवर मोठमोठ्या कंपन्यांनी भराभर माणसं कमी केली होती आणि एका ठिकाणी चिकटून निवृत्त व्हायचं, हा भरवसा उडालेला होता. लिंक्डइन त्यानंतर, २००३ मध्ये सुरू झालं. आजोबांनी जे सांगितलं तेच पीटर्सने सांगितलं, फक्त अधिक उत्साहाने: उठा आणि दुसरीकडे जा. जाताना मात्र पाटी गळ्यात हवी.

बरं, आत्मस्तुतीला नावं ठेवणारा हा ग्रंथ सुरू कसा होतो? श्रोते विचारतात, हा ग्रंथ कोणता, यात काय सांगितलं आहे, ऐकल्याने काय मिळतं. उत्तरात ग्रंथाचं नाव येतं, विषय येतात, आधाराला घेतलेल्या ग्रंथांची यादी येते आणि पुढे फळ: आळशी असतील ते उद्योगी होतात, निंदक असतील ते वंदन करू लागतात. प्रोफाइलमधला 'अबाउट' हा रकाना याहून वेगळं काय मागतो? ही ग्रंथाची स्तुती आहे, ग्रंथकर्त्याची नव्हे, असं कुणी म्हणेल. मीही म्हणते. पण मग प्रोफाइल म्हणजे माणूस, की माणसावरचा ग्रंथ? इथे माझी गाडी अडते.

तसं पाहिलं तर नाव लावायला आपल्या संतांनी कधीच मागेपुढे पाहिलेलं नाही. अभंगाच्या शेवटी नाममुद्रा हवीच. तुका म्हणे, चोखा म्हणे. एकनाथांनी तर 'एका जनार्दनी' म्हणत गुरूचं नाव आपल्या नावाला जोडूनच घेतलं, त्यामुळे देवगिरीचे जनार्दनस्वामी त्यांच्या अभंगाअभंगात हजर असतात. आणि जनाबाई. 'नामयाची दासी जनी.' नाव, हुद्दा आणि चाकरीचं ठिकाण. लिंक्डइन हेडलाइनला २२० अक्षरं देतं; जनाबाईने तीन शब्दांत उरकलं. कामाचा तपशील तिच्या अभंगांतच आहे, दळण, कांडण, झाडलोट. त्यातही जात्याला हात लावायला विठ्ठल स्वतः येतो. अशी शिफारस कुणाच्या प्रोफाइलवर असेल तर मला दाखवा.

पण मुद्रा उमटवली म्हणून नाव आपल्यापाशी राहतं असं नाही. नामदेवांचा काळ १२७० ते १३५०. त्यांच्या गाथेत विष्णुदास नामा या एकनाथकालीन कवीची आणि आणखीही काही नाम्यांची रचना मिसळून गेली आहे, असं अभ्यासक सांगतात. ती वेगळी करता करता त्यांच्या पिढ्या खपल्या. नाव इतकं चाललं की त्यात इतरही येऊन राहिले. ब्रँडच्या कार्यशाळा घेणाऱ्यांना ही यशाची परमावधी वाटेल की चोरी, कुणास ठाऊक. मला नामदेवांची त्यात काही हानी झालेली दिसत नाही. हानी झाली असेल तर त्या बाकीच्या नाम्यांची, आणि त्यांची तक्रार असल्याचं ऐकिवात नाही.

आज गोष्ट उलटी आहे. नाव आपलं, लिहिणारा दुसरा. बड्या अधिकाऱ्यांच्या नावावरच्या कितीतरी पोस्ट पगारी लेखक लिहून देतात. आता तर एआयला सांगितलं की मिनिटात 'माझ्या अपयशाने मला काय शिकवलं' तयार. हे मला सरळसरळ खोटं वाटायचं. ते ठामपण जरा ढळलं त्याला कारण पुन्हा जनाबाई. तिच्या नावावरच्या एका अभंगात संतांची रचना कुणी लिहून घेतली याची यादीच आहे. ज्ञानदेवांचे सच्चिदानंदबाबा, चोखामेळ्याचे अनंतभट्ट, आणि जनीचा लेखक खुद्द पांडुरंग. म्हणजे हात तेव्हाही दुसऱ्याचा होता. फरक इतकाच की लिहिणाऱ्याचं नाव सांगून टाकलेलं होतं. आणि फरक हाही की अनंतभट्टांनी चोखोबांचे शब्द उतरवून घेतले, त्यांच्यासाठी शब्द शोधले नाहीत. निदान आपण तसं धरून चालतो.

चोखोबांना अक्षराची वाटच बंद होती. दुसऱ्याच्या हाताने लिहिलेलं म्हणजे खोटं, असा नियम केला तर त्या नियमात सगळ्यात आधी चोखोबाच बाद होतात. आणि भोसरीतला तो टूलमेकरही.

त्याचं सांगायला हवं. आम्ही एका कंपनीत होतो, तो टूलरूममध्ये आणि मी कागदपत्रांच्या विभागात. प्रेस टूलची ट्रायल घेताना पत्र्याला बर, म्हणजे कडेला खरखरीत धार, आली की हा डायच्या कडेवरून बोट फिरवायचा आणि कुठे घासायचं ते सांगायचा. इंजिनियर मग मोजमाप घेऊन तेच सांगायचे. आयटीआय झालेला, पन्नाशी ओलांडलेला. कंपनी विकली गेली, टूलरूम बंद झाली. मुलीने त्याचं लिंक्डइनवर खातं उघडून दिलं. साइटवरची बटणं आता मराठीतही दिसतात, पण माणूस शोधणारा शोधतो इंग्रजीत. "मॅडम, तेवढं इंग्रजीत तुम्हीच लिहा, पण फेकाफेकी नको," असं तो म्हणाला. हिरवी कड नकोच म्हणाला, सोसायटीतल्या पोरांना दिसेल.

मी लिहिलं. टूल अँड डाय मेकर, प्रेस टूल्स, किती वर्षं ते. वाचून दाखवलं तर गप्प बसला. मग म्हणाला, ज्या फोरमनच्या हाताखाली शिकलो त्यांचं नाव घालता येईल का? ते वारले, पण सगळं त्यांचंच आहे. मी शोधलं. शिक्षणाला रकाना आहे, प्रमाणपत्रांना आहे, भाषांना आहे. शिकवणाऱ्याला नाही. रेकमेंडेशन हयात आणि खातं असलेल्या माणसाकडूनच मागता येतं. 'अबाउट'मध्ये घालावं तर मुंबईतल्या किंवा चेन्नईतल्या एखाद्या रिक्रूटरला, भोसरीच्या एका शेडमध्ये आयुष्य काढलेल्या फोरमनचं नाव वाचून काय कळणार? तो तिथेच थांबून पुढच्या प्रोफाइलवर जाईल, अशी मला भीती वाटते. शिवाय 'सांगे वडिलांची कीर्ती' हे लक्षण गुरूच्या बाबतीतही लागू होतं का, तेही आजोबांना विचारायचं राहून गेलं.

हे मी त्याला जमेल तेवढं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, फोरमनचं नाव राहू द्याच म्हणाला, आणि वर विचारलं की हुद्द्याच्या आधी 'एक्स्पर्ट' लावता येईल का. मुलगी म्हणते, सगळे लावतात. एकाच दमात दोन्ही कसं मागता येतं, हे मला अजून उमगलेलं नाही. त्याला त्यात विसंगत असं काहीच वाटत नाही.