केशरचं वजन

केशर ही आमची कॉकटील. अंग फिकट पिवळं, गालांवर दोन नारिंगी ठिपके, डोक्यावर तुरा. मूळ ऑस्ट्रेलियातला हा पक्षी पोपटांपैकीच, काकाकुवाच्या कुळातला सगळ्यांत लहान. आमच्या सोसायटीतलं एक कुटुंब परदेशी निघालं, तेव्हा तिला आमच्या घरी देऊन गेलं. आई त्याच सुमारास साताऱ्याहून पुण्याला माझ्याकडे कायमची राहायला आली होती. तिच्या माहेरी पडवीत राघूचा पिंजरा टांगलेला असायचा. “भिजवलेली डाळ, पेरूची फोड, एखादी मिरची. आणखी काय लागतं?” ती म्हणाली.

तसा राघू आता घरात ठेवता येत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपले देशी पोपट पकडणं, विकणं, पाळणं हा गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. ढोलीतून ओढून काढलेली पिल्लं खोक्यात कोंबून बाजारात आणतात, त्यातली किती वाटेतच दगावत असतील. केशर मात्र पिंजऱ्यात जन्मलेली. तिला रान माहीत नाही, बाहेर सोडलं तर ती जगणार नाही. म्हणून तिचं सगळं आम्हीच बघायचं, आणि बघायचं म्हणजे अक्षरशः डोळ्यांनी बघायचं.

कारण पक्षी आजार लपवतो. थव्यातला जो दुबळा दिसेल त्याच्यावर शिकारी पक्ष्याची झडप पडते, त्यामुळे अंगात ताप असला तरी तो ताठ बसतो, दाणे टिपल्यासारखं करतो. पिसं फुगवून गप्प बसला, श्वासाबरोबर शेपूट वरखाली व्हायला लागलं, की समजायचं, दुखणं बरंच पुढे गेलंय. त्याच्या आधी बोलतं ते वजन. रोज सकाळी खायला देण्याआधी मी स्वयंपाकघरातला छोटा काटा ओट्यावर ठेवते, त्यावर राळ्याचं कणीस. केशर माझ्या मनगटावरून उतरते, आधी काट्याच्या कडेला चोच लावून बघते आणि मग चढते. ती हलते तोवर आकडा नाचतो. कणसात चोच खुपसली की स्थिरावतो. ९१. ९२. परत ९१. आई तो वहीत लिहिते. एवढ्याशा जिवात आठ-नऊ ग्रॅमची घट म्हणजे दहावा हिस्सा गेला. तेव्हा वाट बघत बसायचं नाही, डॉक्टर गाठायचा. पिंजऱ्याच्या तळाचा कागदही मी रोज बदलते. हिरवट भाग किती, पांढरा किती, पाणी किती, हे त्यावर स्पष्ट दिसतं.

खाण्याचा प्रश्न आईनं सोडवला. केशर आली ती फक्त सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेली. त्या बियांत चरबी भरपूर, अ जीवनसत्त्व जवळजवळ नाही. पालेभाजीला ती तोंड लावेना. मग आईनं कोथिंबिरीची ओली जुडी पिंजऱ्याच्या जाळीला उलटी टांगली. केशर त्या ओल्या पानांत अंग घासून आंघोळ करायला लागली, आणि आंघोळ करता करता एक पान चोचीत आलं. तिथून मेथी, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर. मिरचीही खाते, बियांसकट. पक्ष्यांना ती तिखट लागतच नाही. ॲव्होकॅडो आणि चॉकलेट मात्र तिच्या वाऱ्यालाही नको, दोन्ही पक्ष्यांना विषारी.

नॉनस्टिकचे तवे घरातून गेले. ते रिकामे कडक तापले तर निघणारी वाफ पक्ष्याला काही मिनिटांत मारू शकते. पक्ष्याच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्यांची जोड असते, हवेतलं चांगलं-वाईट सगळं तो आपल्यापेक्षा फार वेगानं आत घेतो. गणपतीत धूप-उदबत्ती पुढच्या खोलीत, केशर दार लावून मागच्या खोलीत. आईची पूजा त्यानं अडली नाही.

सगळ्यांत कठीण दिवस अंड्यांचे. पूर्वीच्या घरी सगळे तिला नर समजत. एका सकाळी पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पांढरं अंडं, आणि एक दिवस सोडून दुसरं. “खुडूक बसली की गं ही!” आई म्हणाली. मादी नराशिवायही अंडी घालते, कोंबडीसारखीच. मला वाटलं, पोकळ अंडी, काढून टाकावीत. पक्ष्यांच्या डॉक्टरांना आधी फोन केला ते बरं झालं. काढलीत तर ती भरपाई म्हणून आणखी घालेल, ते म्हणाले, आणि प्रत्येक कवचासाठी हाडांतला चुना जाईल. मग अंडं आत अडकतं आणि पक्षी हातचा जातो. त्यामुळे अंडी तशीच ठेवायची, ती स्वतः कंटाळून उठेपर्यंत. पिंजऱ्यात समुद्रफेण अडकवायचं. संध्याकाळी लवकर अंधार करायचा, कारण लांबलेला दिवस म्हणजे तिच्या लेखी विणीचा हंगाम. पाठीवरून हात फिरवणं बंद, लाड फक्त डोक्याचे. सकाळचं ऊन बाल्कनीतलं, काचेतून आलेलं नाही. काच त्यातली कामाची किरणं अडवते. उन्हात मी शेजारी बसून राहते. आमच्या गुलमोहरावर शिक्रा येतो, आणि तो मला दिसायच्या आधी केशर मान वाकडी करून एका डोळ्यानं आभाळाकडे बघत दांडीवर थिजलेली असते.

ती आपली आपण अंड्यांवरून उठली. त्या काळात वजन ८६पर्यंत उतरलं होतं. आई रात्री उठून पांघरलेल्या पिंजऱ्याशी कान लावून यायची.

नीट सांभाळलं तर कॉकटील पंधरा-वीस वर्षं जगते. हे मी पक्षी घ्यायचा म्हणणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगते. खालच्या मजल्यावरच्या मुलाला वाढदिवसाला पोपट हवाय. त्याच्या आईबाबांना म्हटलं, आधी त्याला रोज शाळेआधी आमच्याकडे पाठवा. कागद बदलू दे, वजन करू दे. तो येतो. काल त्यानं विचारलं, “मे महिन्यात आम्ही गावाला गेलो तर पक्ष्याचं कोण करणार?” आई म्हणाली, “ते आधी ठरव. मग पक्षी आण.”